खोलीत वाजलं ते



निर्वाणा नावाच्या अमेरिकन रॉक बँडचा 'इन यूटरो' हा तिसरा आणि अखेरचा स्टुडिओ अल्बम २१ सप्टेंबर १९९३ रोजी अमेरिकेत बाजारात आला. त्यानंतर साडेसहा महिन्यांनी, ५ एप्रिल १९९४ रोजी, या बँडचा गायक आणि गीतकार कर्ट कोबेन याने सिएटलमधल्या आपल्या घरी आयुष्य संपवलं. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. या दोन तारखा इतक्या जवळजवळ आल्या, की जगाने त्यांना एकत्र बांधून टाकलं. गेली तीस वर्षं हा अल्बम लोक मृत्युपत्र वाचावं तसा ऐकतात. प्रत्येक ओळीत खूण शोधतात, प्रत्येक किंकाळीत भाकीत ऐकतात. यात एका चांगल्या कामावर अन्याय झाला आहे असं मला मनापासून वाटतं, आणि आजचं व्याख्यान त्याविषयी आहे. तीन वादक आणि एक ध्वनिमुद्रक फेब्रुवारीतल्या दोन आठवड्यांत एका खोलीत काय करत होते, हे नीट समजून घेतलं तर या अल्बममध्ये मरणापेक्षा कितीतरी जास्त काहीतरी ऐकू येतं.

हा विषय आपल्या सावली गावात कशाला, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. पण हा बँड ज्या गावातून आला ते गाव ऐकलं, की तुम्हाला तो परका वाटणार नाही. वॉशिंग्टन राज्यातलं अॅबर्डीन हे पॅसिफिक किनाऱ्याजवळचं, बारा महिने पावसात भिजणारं, लाकडावर जगणारं गाव. तोडलेली झाडं, सॉ-मिल, नदीतून वाहत येणारे ओंडके, आणि त्या धंद्यावर पोसलेली कुटुंबं. कोबेन आणि बँडचा बासवादक क्रिस्ट नोव्होसेलिक तिथेच भेटले. कोबेनचे वडील काही काळ एका लाकूड कंपनीत ओंडक्यांची मोजदाद करत. बल्लारशाच्या डेपोत सागाच्या थप्प्यांवर नंबर टाकताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे काम समजावून सांगायला नको. सुट्टीच्या दिवशी मुलगा वडिलांबरोबर कामावर जाई आणि त्यांच्या गाडीत बसून क्वीन या बँडच्या टेपा ऐकत राही. त्याच्या तरुणपणापर्यंत तो धंदा उतरणीला लागला होता. १९९० साली तिथल्या जुन्या जंगलात राहणाऱ्या ठिपकेदार घुबडाला कायद्याने संरक्षण मिळालं, तोड आणखी आवळली गेली, आणि आधीच खचलेल्या गावांचा राग घुबडावर निघाला. जंगल आणि पोट यांचं भांडण कसं असतं, हे ताडोबाच्या भोवतालच्या गावांना माहीत आहे. अॅबर्डीनच्या पोरांकडे त्या भांडणात काही नव्हतं. त्यांच्याकडे गिटार होती.

पहिला अल्बम 'ब्लीच' १९८९ साली आला. तो करायला सुमारे ६०० डॉलर लागले होते. दुसरा, 'नेव्हरमाइंड', सप्टेंबर १९९१ मध्ये आला आणि जानेवारी १९९२ मध्ये त्याने मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला अमेरिकी यादीतल्या पहिल्या क्रमांकावरून खाली उतरवलं. तोवर हा बँड गर्दीच्या क्लबांत वाजवत होता. आता तो जगभर टीव्हीवर होता. 'नेव्हरमाइंड' देखणा अल्बम आहे, मी त्याला कमी लेखत नाही. पण त्याचा देखणेपणा बराचसा मिश्रणाच्या टेबलावर आला होता. आवाजावर आवाजाचे थर दिले होते, ढोलांना तुकतुकी आणली होती, खडबडीत कडा घासून टाकल्या होत्या. पुढे बँडलाच तो फार गुळगुळीत वाटू लागला.

म्हणून तिसऱ्या अल्बमसाठी त्यांनी शिकागोच्या स्टीव्ह अल्बिनीला गाठलं. त्याने पिक्सीज बँडचा 'सर्फर रोझा' आणि ब्रीडर्सचा 'पॉड' ध्वनिमुद्रित केला होता आणि कोबेनला ते दोन्ही अल्बम फार आवडत. अल्बिनी स्वतःला निर्माता म्हणवून घेत नसे. त्याचं म्हणणं असं, की बँड वाजवतो आणि मी ते टिपून घेतो. गाणं कसं असावं हे ठरवणारा मी कोण?

काम ठरण्यापूर्वी, १९९२ च्या नोव्हेंबरात, त्याने बँडला एक लांबलचक पत्र लिहिलं. ते आज सगळ्यांना वाचायला मिळतं, आणि माझ्या मते संगीताच्या धंद्यावर लिहिल्या गेलेल्या सर्वांत प्रामाणिक कागदांपैकी ते एक आहे. त्यात पैशाचा मुद्दा येतो. अल्बम जसजसा खपेल तसतसा निर्मात्याला टक्का मिळत राहतो, अशी त्या धंद्याची रीत. अल्बिनी हिशेब मांडतो: ३० लाख प्रती खपल्या आणि एक-दीड टक्का धरला, तर त्याला सुमारे ४ लाख डॉलर मिळतील. आणि मग म्हणतो की एवढे पैसे तो कदापि घेणार नाही, त्याला झोप लागणार नाही. गाणी बँडची आहेत, वाजवणारे ते आहेत, चाहते त्यांचे आहेत. त्यावर जन्मभर टक्का घेणं त्याला नीतीत बसत नव्हतं. नळदुरुस्तीवाल्याला देतात तशी कामाची ठरलेली मजुरी द्या, इतकंच त्याचं मागणं. ती १ लाख डॉलर ठरली. रक्कम लहान नव्हती, पण एकदाच दिली आणि विषय संपला. पुढे या अल्बमच्या लाखो प्रती खपल्या आणि त्यातल्या एकाही प्रतीवर अल्बिनीने हक्क सांगितला नाही.

मजुरीचा हा मुद्दा सावलीत बोलताना मला जरा थांबावंसं वाटतं. १९३५ साली गांधीजींनी अखिल भारतीय चरखा संघात आग्रह धरला, की कातणाऱ्या बाईला जगण्यापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, मग खादी महाग झाली तरी चालेल. त्यानंतर काही महिन्यांनी, १९३६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, गांधी सेवा संघाचं अधिवेशन या आपल्या सावलीत भरलं. अल्बिनीला सावली ठाऊक असायचं कारण नाही, आणि मी ओढूनताणून धागा जोडणार नाही. पण काम करणाऱ्याच्या वाट्याला काय यावं आणि मधल्याने किती घ्यावं, हा प्रश्न या गावाने त्या काळीच ऐकलेला आहे. आपल्या भागातल्या झाडीपट्टी रंगभूमीवर तर तो रोजचा आहे. आपल्या कलाकारांचा हिशेब 'नाईट'वर चालतो. रात्र उभी केली, रात्रीचे पैसे घेतले, पहाटे गाडीत बसून पुढच्या गावी. पुढे त्या नाटकाचं नाव झालं, तरी त्या रात्रीच्या पेटीवाल्याला आणखी काही मिळत नाही. अल्बिनी ज्या बाजूला उभा राहिला ती ही बाजू आहे, आणि ज्याला टक्का मागता आला असता अशा माणसाने ती आपखुशीने निवडली, याचं मला मोल वाटतं.

ध्वनिमुद्रणासाठी त्याने जागा निवडली ती मिनेसोटा राज्यातल्या कॅनन फॉल्स या लहान गावाबाहेरची. झाडीत लपलेला पॅकिडर्म स्टुडिओ. फेब्रुवारीचा महिना, सगळीकडे बर्फ. पत्रकारांना आणि कंपनीच्या माणसांना पत्ता लागू नये म्हणून स्टुडिओ दुसऱ्याच नावाने घेतला होता. बँडने तिथल्याच घरात मुक्काम केला. २० फेब्रुवारीला कोबेनला २६ वर्षं पूर्ण झाली, तीही तिथेच. मूळ वादनाचं काम सुमारे सहा दिवसांत उरकलं. गायन तर बहुतेक सगळं सहा-सात तासांत झालं. त्या काळी मोठ्या कंपनीचे बँड एकेका अल्बमला महिने घालवत, आणि हे तिघं दोन आठवड्यांत वाजवून, गाऊन, मिश्रण करून मोकळे झाले.

ते कसं जमलं, हे जरा जवळून पाहू. तिघं एकाच वेळी वाजवत होते. आधी ढोल, मग बास, मग गिटार असे वेगवेगळे थर रचायचे ही तेव्हाची सर्रास पद्धत. पॅकिडर्ममध्ये मात्र मूळ वादन एकत्र झालं, आणि नंतर फक्त काही गिटार आणि गळा वरून घातला. डेव्ह ग्रोलच्या ढोलांभोवती जवळपास ३० माइक होते. त्यातले काही ढोलाला चिकटून, काही पार लांब. लांबचे माइक कशासाठी? ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ढोलापासून तीन मीटरवरच्या माइकला थाप जवळपास ९ मिलिसेकंद उशिरा पोचते, आणि तीही भिंतीवरून, छतावरून, जमिनीवरून आपटून आलेल्या आवाजासकट. तो उशीर आपल्याला वेगळा कळत नाही. पण त्यातूनच कान खोलीचं माप घेतो, कुणीतरी माणूस त्या जागेत बसून मारतो आहे हे ओळखतो. यंत्रातून घातलेला खोटा घुमारा हे करू शकतो, पण अल्बिनीला खरी खोली हवी होती. 'व्हेरी एप' आणि 'टूरेट्स' या दोन गाण्यांसाठी तर ढोल उचलून स्वयंपाकघरात नेले, कारण तिथला घुमारा जास्त चांगला होता. 'सेंटलेस अप्रेंटिस' हे गाणं घरी गेल्यावर मोठ्या आवाजात ऐका. जर्मन लेखक पॅट्रिक झ्यूस्किंड यांच्या 'परफ्यूम' कादंबरीवरून ते सुचलं. त्याच्या सुरुवातीला एकटे ढोल येतात. ते ऐकताना भिंती ऐकू येतात. मी रॉक संगीतात ढोलांचा असा आवाज फार थोड्या वेळा ऐकला आहे.

आणि आरडाओरडा म्हणजेच हा अल्बम, असं समजू नका. 'डम्ब' आणि 'ऑल अपॉलॉजीज' या गाण्यांत केरा शेली या वादिकेचा चेलो आहे. इतक्या खरखरीत आवाजांमध्ये तो एक दीर्घ, शांत स्वर धरून राहतो. कोबेनला चाल रचता येत असे, आणि ती झाकायलाही येत असे. या अल्बमवर त्याने दोन्ही केलं.

पुढची भानगड थोडक्यात सांगतो. कंपनीला अल्बम आवडला नाही. हा खपण्यासारखा नाही अशी कुजबुज सुरू झाली, ती वर्तमानपत्रांपर्यंत गेली, बँडला जाहीर खुलासा करावा लागला. अखेर 'हार्ट-शेप्ड बॉक्स' आणि 'ऑल अपॉलॉजीज' या दोन गाण्यांचं मिश्रण स्कॉट लिटकडून नव्याने करून घेतलं आणि बॉब लडविगने अंतिम संस्करणात गळा थोडा वर आणला. अल्बिनीचे निष्ठावंत यावर अजून नाराज आहेत. मला विचाराल तर 'ऑल अपॉलॉजीज'चं बदललेलं रूप मला पटतं. गळा पुढे आला, पण खोली पुसली गेली नाही. आणि कंपनीची भीती खोटी ठरली. पहिल्याच आठवड्यात सुमारे १ लाख ८० हजार प्रती जाऊन अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर आला. वॉलमार्ट आणि केमार्ट या दुकानांनी मलपृष्ठावरच्या चित्रामुळे तो ठेवायला नकार दिला, तेव्हा त्यांच्यासाठी बदललेली आवृत्ती काढावी लागली. लहान गावातल्या पोरांना दुसरीकडे कुठे अल्बम मिळत नाही म्हणून कोबेनने ती मान्य केली. अॅबर्डीनच्या पोराला हे कळत होतं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. हा अल्बम निरोपाचा आहे का? पुरावा पाहू. अल्बमच्या शेवटी 'ऑल अपॉलॉजीज' आहे, आणि जगाने ते माफी मागून निघून जाणाऱ्याचं गाणं मानलं. पण ते १९९० सालचं गाणं आहे. १ जानेवारी १९९१ रोजी, म्हणजे 'नेव्हरमाइंड'ही निघाला नव्हता तेव्हा, बँडने ते सिएटलमध्ये एकदा ध्वनिमुद्रित केलं होतं. 'डम्ब' आणि 'पेनीरॉयल टी' हीसुद्धा १९९० च्या आसपासची. ज्या कीर्तीने त्याला खाल्लं म्हणतात, त्या कीर्तीच्या आधीची. अल्बमला आधी मरणाचा उल्लेख असलेलं एक नाव द्यायचं घाटत होतं, याकडे नेहमी बोट दाखवलं जातं. कोबेनने ते विनोद म्हणून ठेवलं होतं आणि नोव्होसेलिकने समजावल्यावर ते सोडून दिलं. अल्बमनंतरही काम चालूच होतं. नोव्हेंबर १९९३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांनी एमटीव्हीसाठी बैठकीचा कार्यक्रम केला. जानेवारी १९९४ मध्ये सिएटलजवळच्या स्टुडिओत नवं गाणं ध्वनिमुद्रित केलं. १ मार्च १९९४ ला म्युनिकमध्ये ते शेवटचे रंगमंचावर आले, आणि त्या रात्री ते शेवटचे आहेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

कोबेनचं दुःख खोटं होतं असं मी म्हणत नाही. पोटाचं जुनं दुखणं, हेरॉइन, प्रसिद्धीचा जाच, हे सगळं होतं, आणि त्याला वेळेवर आणि पुरेशी मदत मिळायला हवी होती. पण एका माणसाच्या आजाराने आणि मृत्यूने तिघांच्या कामाचा अर्थ ठरवून टाकू नये. ग्रोलचे ढोल ऐका, त्यात मरण कुठे आहे? तो पंचविशीच्या आतला पोरगा आहे आणि जीव तोडून वाजवतो आहे.

जाणूनबुजून केलेला शेवटचा अल्बम वेगळा असतो. आर.ई.एम. या बँडने २०११ साली 'कोलॅप्स इंटू नाऊ' काढला तेव्हा आपण थांबणार हे त्यांना आतून माहीत होतं. मुखपृष्ठावर गायक मायकल स्टाइप हात उंचावून निरोप देतो आहे, आणि त्याच वर्षी २१ सप्टेंबरला बँड थांबल्याची घोषणा झाली. तो निरोप आहे, कारण त्यांनी तो निरोप म्हणून केला. उलटही घडतं. आपल्या मुंबईतला रॉक मशीन हा बँड १९८४ पासूनचा; उदय बेनेगल गायक, महेश तिनईकर गिटारवर. १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं, १९९५ मध्ये त्याच नावाचा अल्बम काढला, आणि दोनेक वर्षांत बँड फुटला. तो अल्बम पुढे बरीच वर्षं त्यांचा शेवटचा होता. मग २०१० मध्ये ते पुन्हा एकत्र आले आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' आला. सतरा वर्षांनी १९९५ च्या अल्बमच्या कपाळावरची 'शेवटचा' ही चिठ्ठी निघाली आणि लोकांना तो नुसता एक अल्बम म्हणून ऐकता आला. 'इन यूटरो'च्या कपाळावरची कधी निघणार नाही. म्हणून ती ऐकणाऱ्याने स्वतः बाजूला सारायची.

आणि अल्बिनीचं काय झालं ते ऐका. १९९७ मध्ये त्याने शिकागोत 'इलेक्ट्रिकल ऑडिओ' हा स्वतःचा स्टुडिओ उभारला. तिथेही नावाजलेल्या आणि अनोळखी बँडसाठी तीच वागणूक: रोजाचा दर, टक्का नाही. त्याचा स्वतःचा शेलॅक नावाचा तिघांचा बँड होता. २०१७ ते २०२२ या काळात सवड मिळेल तशा लांबच्या सुट्ट्यांत जमून त्यांनी दहा गाण्यांचा, अर्ध्या तासाहून कमी लांबीचा 'टू ऑल ट्रेन्स' हा अल्बम तयार केला. तो १७ मे २०२४ रोजी यायचा होता. ७ मेला अल्बिनी हृदयविकाराने गेला, वय ६१. अल्बम ठरल्या दिवशी आला. अखेरच्या गाण्याच्या नावात नरकाची भीती वाटत नाही असा आशय आहे, आणि लगेच लोकांनी त्यातही भाकीत वाचलं. ज्या माणसाने निर्वाणाचा अखेरचा अल्बम टिपला, त्याच्याही अखेरच्या अल्बमचं तेच झालं. मृत्यूनंतर दहा दिवसांनी आला म्हणून ते मरणाचं गाणं ठरलं. खरं तर ती पाच वर्षांत, सुट्टीच्या दिवशी, मित्रांबरोबर, मजेत वाजवलेली गाणी होती.

मी झाडीपट्टीची नाटकं ऐकत वाढलो. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आटोपला की रात्री मंडप, वडशाहून आलेली मंडळी, पेटी, तबला, आणि पहाटेपर्यंत चाललेलं गाणं. मागच्या रांगेपर्यंत पोचेल असा गळा लावणारी माणसं. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी फटाके वाजवले. पण या रंगभूमीचा आवाज कुठे आहे? मोबाईलवर केलेली चित्रणं भरपूर आहेत, त्यात हसू आणि नाच दिसतो; ध्वनी मात्र लाऊडस्पीकरच्या कर्ण्यातून आलेला, फाटलेला. दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यांचं तर तेवढंही नाही. आपल्या कितीतरी गाणाऱ्यांचा शेवटचा अल्बम निघाला नाही, कारण पहिलाच कधी निघाला नाही.

म्हणून या व्याख्यानमालेच्या समितीपुढे एक मागणी ठेवतो, आणि ती मी जबाबदारीने ठेवतो आहे. येत्या हंगामात एका मंडळाची एक रात्र आपण नीट ध्वनिमुद्रित करू या. लाऊडस्पीकरला जोडलेला माइक नको. दोन माइक पेटी-तबल्याजवळ, एक गाणाऱ्यांसमोर, आणि दोन थेट प्रेक्षकांत, जमिनीलगत, म्हणजे मंडपही ऐकू येईल. नंतर घासूनपुसून गोड करायचं नाही. टाळ्या, मागून पुरवलेला प्रॉम्प्टरचा शब्द, रडणारं मूल, सगळं राहू द्यायचं. त्या रात्रीची नाईट मंडळाला गावाकडून मिळेलच; ध्वनिमुद्रणासाठी आणखी एक पूर्ण नाईट समितीने द्यावी, आगाऊ आणि रोख. मुद्रणाचा हक्क मंडळाकडे राहील असं कागदावर लिहून द्यावं. आणि वाजवणाऱ्यांची, गाणाऱ्यांची, पडदा ओढणाऱ्यांची, प्रॉम्प्टरची नावं त्याच रात्री त्यांना विचारून, गावासकट, एका वहीत उतरवून घ्यावीत. खर्चातला माझा वाटा मी आज कार्यवाहांकडे देऊन जातो आहे.